जीमॅट-जीआरईचा स्कोअर आणि एमबीए ॲडमिशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातल्या एमबीएसाठी बहुतेक वेळा जीमॅट किंवा जीआरई, यांपैकी एका प्रवेश परीक्षेचा स्कोअर द्यावा लागतो, आणि ॲप्लिकेशनचा सीझन आला की त्याबद्दल हेच प्रश्न फिरून फिरून येतात. मी स्वतः तीनदा जीमॅट दिलीये आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज शेजारी बसून वाचलेत, त्यामुळे जे माहितीये आणि जे मनापासून वाटतं ते एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

कॉलेजवाले स्कोअर बघतात तो नेमका कशासाठी?

एकाच गोष्टीसाठी, की या माणसाला आमचा अभ्यास झेपेल का. एमबीएच्या पहिल्याच टर्ममध्ये स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग, फायनान्स, इकॉनॉमिक्स सगळं एकदम अंगावर येतं, आणि समोर बसलेल्यांत कोणी इंजिनिअर असतो, कोणी वकील, कोणी चार वर्षं सेल्समध्ये काढलेला, कोणी थेट सैन्यातून आलेला. या सगळ्यांचे पदवीचे मार्क एकमेकांशी कसे ताडायचे? एका युनिव्हर्सिटीत ६२ टक्के म्हणजे खूप आणि दुसरीकडे ८५ म्हणजे जेमतेम. म्हणून सगळ्यांना एक समान फूटपट्टी लागते. ही अडचण जुनीच आहे, १९५३ साली नऊ बिझनेस स्कूल्स याच कारणासाठी एकत्र आली आणि १९५४ पासून जी परीक्षा सुरू झाली तीच पुढे जीमॅट झाली.

ही परीक्षा पहिल्या वर्षाच्या ग्रेड्सचा बऱ्यापैकी अंदाज देते, पदवीचे मार्क सोबत धरले तर अजून चांगला. पण तुम्ही पुढे चांगले मॅनेजर व्हाल का, लोक तुमचं ऐकतील का, हे ती सांगत नाही, आणि ॲडमिशन कमिटीला हे पक्कं माहिती असतं. पुढचं सगळं वाचताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवा.

आता जीमॅट किती मार्कांची असते? सगळीकडे वेगवेगळे आकडे दिसतात.

कारण परीक्षा बदलली. नोव्हेंबर २०२३ मध्ये फोकस एडिशन आली, जुनी जीमॅट ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली आणि आता नव्या परीक्षेलाच नुसतं जीमॅट म्हणतात. जुना स्कोअर २०० ते ८०० मध्ये असायचा आणि शेवटी शून्य, नवा २०५ ते ८०५ मध्ये असतो आणि शेवटी कायम ५. त्यामुळे शेवटचा आकडा बघूनच कळतं कोणत्या परीक्षेबद्दल चाललंय.

क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आकडेवारी वाचणं) असे तीन सेक्शन, प्रत्येक ४५ मिनिटांचा, प्रश्न २१, २३ आणि २०. प्रत्येक सेक्शनला ६० ते ९० स्कोअर, आणि टोटलमध्ये तिघांचं वजन सारखं. निबंध गेला, सेंटेन्स करेक्शन गेलं, भूमिती गेली. ज्यांनी दादा-ताईंची जुनी पुस्तकं मिळवलीयेत त्यांनी आधी हे तपासा, नाहीतर जे येणारच नाहीये त्यात महिना जातो.

जुना ७०० म्हणजे नवा किती?

साधारण ६४५. हा एक आकडा पाठ करून ठेवा, खूप मनस्ताप वाचेल. मी अशी मुलं बघितलीयेत जी ६५५ मिळाल्यावर रडवेली झाली होती कारण त्यांच्या डोक्यात "सातशेच्या खाली म्हणजे गेलं" हे बसलेलं, आणि खरं म्हणजे त्यांचा स्कोअर जुन्या सातशेच्या वरचा होता. नव्या स्केलवर वरचे आकडे फार कमी जणांना मिळतात, म्हणून जुने-नवे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करूच नका, करायची तर परसेंटाइलची करा, म्हणजे शंभरातल्या किती जणांपेक्षा तुमचा स्कोअर वरचा आहे त्याची.

परसेंटाइल मात्र बदलत राहतं बरं का. तुमचा स्कोअर तोच राहतो, पण परसेंटाइल हे गेल्या काही वर्षांत परीक्षा दिलेल्यांच्या तुलनेत काढतात, त्यामुळे दोन वर्षांनी बघितलं तर थोडं इकडेतिकडे झालेलं दिसू शकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग "चांगला" स्कोअर म्हणजे किती?

असा सगळ्यांसाठी एक आकडा नसतो. तुम्ही जिथे अर्ज करताय त्या कॉलेजच्या क्लास प्रोफाइलमध्ये बसतो तो चांगला. कॉलेजच्या साइटवर क्लास प्रोफाइल, म्हणजे घेतलेल्या बॅचची आकडेवारी असते, त्यात ॲव्हरेज किंवा मेडियन (स्कोअर क्रमाने लावले तर मधला) आणि बहुतेक वेळा रेंजही दिलेली असते. हार्वर्डच्या अलीकडच्या काही बॅचेसचा मेडियन जुन्या स्केलवर ७३०-७४० होता. इन्सियाड या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलने आणखी वेगळ्या पद्धतीने सांगितलेलं, की क्वांट आणि व्हर्बल दोन्हीत साधारण ७० ते ७५ परसेंटाइलच्या वर जायचं बघा. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण त्यात सरळ सांगितलंय की आम्हाला दोन्ही बाजू ठीक असलेला माणूस हवाय.

माझा स्कोअर मेडियनच्या खाली आहे. अर्जच करू नको का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेडियन म्हणजे मधला विद्यार्थी. म्हणजे त्या वर्गातल्या अर्ध्या लोकांचा स्कोअर मेडियनइतका किंवा त्याहून कमी आहे, आणि ते वर्गात बसलेत, त्यांना ॲडमिशन मिळालेली आहे! लोक मेडियनला कटऑफ समजतात आणि स्वतःच स्वतःला नापास करून टाकतात. हार्वर्डच्या रेंजमध्येसुद्धा खालचं टोक सातशेच्या बऱ्याच खाली गेलेलं दिसतं.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती कोणी सांगत नाही. प्रोफाइलमध्ये दिसतात ते फक्त घेतलेले लोक, त्याच स्कोअरवर किती जणांना नकार गेला ते तिथे दिसत नाही. जो कमी स्कोअरवर आत गेला त्याच्याकडे बहुतेक वेळा दुसरं काहीतरी भक्कम होतं, म्हणजे अगदी वेगळं काम, कामात लवकर मिळालेली मोठी जबाबदारी, पदवीला गणितात उत्तम ग्रेड, असं काही. त्यामुळे "अमक्याला ६०० वर मिळाली" हे ऐकून निर्धास्त व्हायचं नाही आणि मेडियन बघून पळूनही जायचं नाही. स्वतःला विचारा, माझ्या अर्जात अभ्यास झेपेल याचा दुसरा पुरावा आहे का? असेल तर मेडियनच्या थोडं खाली असणं चालून जातं. नसेल तर स्कोअरलाच ते काम करावं लागेल, मग परत द्या.

आणि मधल्या ८० टक्क्यांची रेंज (वरचे आणि खालचे दहा-दहा टक्के वगळून) दिलेली असेल तर तीच धरा, ती जास्त कामाची. तिच्या खालच्या टोकाच्याही खाली असाल तर ते कॉलेज तुमच्यासाठी स्वप्नातलं समजा, एखादा अर्ज तिथे करा, पण सगळे अर्ज तसल्याच ठिकाणी नकोत.

माझ्या मित्राला खूप जास्त स्कोअर होता तरी रिजेक्ट झाला. असं कसं?

हार्वर्डला वर्षाला नऊ-दहा हजार अर्ज येतात आणि वर्ग साधारण ९३० जणांचा. स्टॅनफर्डचा वर्ग तर त्याच्या निम्म्याहूनही लहान. चांगल्या स्कोअरवाल्यांचीच संख्या जागांपेक्षा कितीतरी जास्त असते, मग त्यांच्यातून निवडताना स्कोअरचा उपयोगच उरत नाही. तुमच्या मित्राच्या स्कोअरने "अभ्यास झेपेल का" याचं उत्तर दिलं, पण हा माणूस कोण आहे, त्याने आत्तापर्यंत काय केलं, एमबीए कशाला हवंय आणि वर्गात इतरांना त्याचा काय उपयोग, ही उत्तरं एसे (अर्जातले निबंध), रेकमेंडेशन (शिफारसपत्रं) आणि इंटरव्ह्यूमधून यायची असतात. जास्त स्कोअरवाले पुष्कळदा एसे घाईत लिहितात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आठ महिने परीक्षेला आणि आठ दिवस एसेला.

अमुक स्कोअरला चान्स किती टक्के, असा काही हिशोब आहे का?

असे कॅल्क्युलेटर मिळतात, पण त्यावर भरवसा ठेवू नका. सुरुवातीला स्कोअर वाढतो तशी शक्यता खरंच वाढते, अगदी कमी स्कोअरवरून कॉलेजच्या रेंजमध्ये आलात तर मोठा फरक पडतो. रेंजच्या मध्यावर आलात की पुढे प्रत्येक दहा मार्कांचा फायदा कमी कमी होत जातो. शिवाय परीक्षेत मोजमापाची चूकही धरलेली असते, जीमॅटच्या टोटलमध्ये साधारण ३० ते ४० मार्कांची, म्हणजे तोच माणूस तेवढ्याच तयारीने परत बसला तर एवढा फरक सहज पडू शकतो. कमिटीला हे ठाऊक असतं, त्यामुळे ६७५ आणि ६८५ यात कोणी मोठा-लहान करत नाही.

टोटल महत्त्वाची की सेक्शनचे स्कोअर?

दोन्ही, पण लोक सेक्शन विसरतात. टोटल छान आणि क्वांट पडलेलं असेल तर वाचणाऱ्याला शंका येते, विशेषतः पदवीही बिगरगणिती असेल तर. उलट इंजिनिअरचं क्वांट उत्तम आणि व्हर्बल लंगडं असेल तर वर्गात हा बोलेल का, केस (एखाद्या कंपनीतल्या प्रसंगाचं वर्णन) वाचून मत मांडेल का, असा विचार होतो.

एक गोष्ट मात्र नक्की बघा. तिन्ही सेक्शनचं स्केल ६० ते ९० असलं तरी तोच आकडा सगळीकडे सारख्या किमतीचा नाही. डेटा इनसाइट्समधला ८० हा क्वांटमधल्या ८० पेक्षा परसेंटाइलने बराच वरचा आहे. स्कोअर कार्ड हातात आल्यावर आधी परसेंटाइलचा रकाना वाचा.

क्वांट कमी आणि परत द्यायला वेळ नाही, असं असेल तर कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्सचा एखादा ग्रेड मिळणारा ऑनलाइन कोर्स करा. हार्वर्डच्या ऑनलाइन विभागाचा कोर नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात ॲनॅलिटिक्स, इकॉनॉमिक्स आणि अकाउंटिंग येतं, तसलं काहीही चालेल. हाही पुरावाच आहे, फक्त वेगळ्या वाटेने दिलेला.

जीमॅट देऊ की जीआरई? कॉलेजला काय आवडतं?

बहुतेक मोठी कॉलेजं दोन्ही घेतात आणि आम्हाला फरक पडत नाही असं स्पष्ट सांगतात, ते खरंच मानून चाला. जीआरईत व्हर्बल आणि क्वांट दोन्हीला १३० ते १७०, लेखनाला ० ते ६, आणि सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत संपते. ज्याचा शब्दसंग्रह चांगला आहे त्याला जीआरई सोपी जाते, ज्याला लॉजिक आणि तक्ते वाचायला आवडतात त्याला जीमॅट. दोन्हीचा एकेक मॉक टेस्ट घरी वेळ लावून द्या आणि जिथे परसेंटाइल वर येतंय ती निवडा, यापेक्षा जास्त डोकं लावायची गरज नाही.

जीआरईच्या क्वांटमध्ये १७० पैकी १७० काढूनही ९९ परसेंटाइल मिळत नाही, एवढे लोक तिथे वर गर्दी करून आहेत, त्यामुळे परसेंटाइल बघून दचकू नका.

परत द्यावी का? आधीचे कमी स्कोअर कॉलेजला दिसतात का?

नव्या जीमॅटमध्ये स्कोअर बघून मग कुठला पाठवायचा ते तुम्ही ठरवता, कॉलेजला तेवढाच दिसतो. जीआरईतही निवडून पाठवता येतो. दोन अटेम्प्टमध्ये जीमॅटला १६ दिवस आणि जीआरईला २१ दिवस थांबावं लागतं, आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा. स्कोअर दोन्हीकडे पाच वर्षं चालतो. बहुतेक कॉलेजं सगळ्यात चांगला एक अटेम्प्ट धरतात, या अटेम्प्टचं क्वांट आणि त्या अटेम्प्टचं व्हर्बल असं जोडून धरत नाहीत.

परत द्यायची की नाही हे मी असं ठरवायला सांगतो: घरच्या मॉक्समध्ये सातत्याने जास्त येत होता आणि त्या दिवशी काहीतरी बिघडलं, झोप झाली नव्हती, एका सेक्शनला वेळच संपला, तर नक्की द्या. मॉक्समध्येही तेवढाच येत असेल तर आधी तयारीची पद्धत बदला, नुसतं परत बसून काही होणार नाही. माझा दुसरा अटेम्प्ट असाच वाया गेला, चुका का होतायत हे न बघता मी फक्त जास्त प्रश्न सोडवत राहिलो, तिसऱ्या वेळी चुकांची वही ठेवली तेव्हा कुठे स्कोअर हलला. आणि तुमचा स्कोअर आधीच कॉलेजच्या मधल्या पट्ट्यात असेल तर कृपा करून थांबा आणि ते दोन महिने एसेला द्या.

वेव्हर मिळतो म्हणतात, मग परीक्षा द्यायचीच कशाला?

काही कॉलेजं टेस्ट वेव्हर, म्हणजे परीक्षा न देण्याची सूट देतात, अमेरिकेतलं डार्डनसारखं चांगलं कॉलेजही देतं. पण वेव्हर मागताना अभ्यास झेपण्याचा पुरावा दुसरीकडून द्यावाच लागतो, पदवीचे चांगले मार्क, सीएफए किंवा सीए, आकड्यांशी रोज संबंध येणारं काम वगैरे. हे तुमच्याकडे असेल तर बिनधास्त मागा. नसेल, आणि परीक्षेची भीती वाटते म्हणून मागत असाल, तर त्या अर्जात वाचणाऱ्याला धरायला काहीच उरत नाही.

स्कोअरचा स्कॉलरशिपशी संबंध आहे का?

आहे, आणि इथे मेडियनच्या वरचे मार्कही कामाला येतात. पुष्कळ कॉलेजं मेरिट स्कॉलरशिप देताना स्कोअर बघतात. अमेरिकेतल्या यूएस न्यूजच्या कॉलेज रँकिंगमध्ये वर्गाचा जीमॅट-जीआरई स्कोअर मोजला जातो, म्हणून स्वतःची सरासरी वर न्यायची असलेल्या कॉलेजला जास्त स्कोअरवाला विद्यार्थी हवाच असतो. फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए रँकिंगमध्ये हा स्कोअर धरत नाहीत. त्यामुळे फी हा मोठा प्रश्न असेल तर ज्या कॉलेजच्या मेडियनपेक्षा तुम्ही बरेच वर आहात अशी एक-दोन यादीत ठेवाच.

मी इंजिनिअर, आयटीत आहे. आमच्यासाठी जास्त स्कोअर लागतो हे खरंय?

लेखी नियम कुठेच नाही. पण ज्या गटातून खूप अर्ज येतात त्या गटात तुलना आपोआप कडक होते, कारण कॉलेजला वर्गात सगळ्या प्रकारचे लोक हवे असतात. एकसारख्या पदव्या, एकसारख्या कंपन्या, एकसारखी कामं असलेले पन्नास अर्ज समोर असले की स्कोअर निदान त्या गटाच्या पातळीचा तरी लागतो. पण म्हणून आणखी वीस मार्कांच्या मागे धावणं हा उपाय नव्हे, ते तर त्या पन्नासातले सगळेच करतायत! तुम्ही टीममध्ये काय वेगळं केलंत, कुठे कोणाचं ऐकून निर्णय बदललात, कोणाला शिकवलंत, हे लिहिलं की तुमचा अर्ज त्या गठ्ठ्यातून वर येतो.

पदवीला मार्क कमी होते, जीमॅट जास्त आला तर भरून निघतं का?

बऱ्याच प्रमाणात हो, खासकरून पदवी होऊन काही वर्षं झाली असतील तर. मार्क कमी का होते ते ऑप्शनल एसेमध्ये दोन-चार ओळीत सरळ लिहा, कारणं उगाळत बसू नका, आणि त्यानंतर काय बदललं ते सांगा. स्कोअर ते सिद्ध करेल. मार्कही कमी आणि स्कोअरही कमी असेल तर मात्र खरंच अवघड आहे, तिथे आधी स्कोअर.

एक्झिक्युटिव्ह एमबीएला पण हेच सगळं?

नाही, ते बरीच वर्षं काम केलेल्यांचं एमबीए, तिथे अनुभवाचं वजन खूप जास्त. त्यांच्यासाठी २०१६ पासून एक्झिक्युटिव्ह असेसमेंट नावाची छोटी परीक्षा आहे, दीड तासाची, आणि तिला फार महिने तयारी लागत नाही.

अर्जात स्कोअर आपणच भरतो, मग थोडा वाढवून लिहिला तर?

अजिबात नको. ॲडमिशन झाल्यावर ऑफिशियल स्कोअर थेट परीक्षा घेणाऱ्यांकडून तपासतात, आणि फरक निघाला तर मिळालेली जागाही जाते. फुटलेले प्रश्न विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. २००८ मध्ये एका वेबसाइटवर चालू परीक्षेचे प्रश्न बघणाऱ्या आणि टाकणाऱ्या ८४ जणांचे स्कोअर रद्द केले गेले होते, आणि त्यांनी ज्या कॉलेजांना स्कोअर पाठवले होते त्यांनाही ते कळवलं गेलं.

राऊंड एक चुकवून स्कोअर वाढवू की आहे त्यावर अर्ज करू?

अर्ज घेण्याचा पहिला राऊंड साधारण सप्टेंबरमध्ये आणि दुसरा जानेवारीत असतो, दोन्हीत जागा पुरेशा असतात. रेंजच्या खाली असाल तर दुसऱ्या राऊंडला चांगला स्कोअर घेऊन जा, ते पहिल्यात अर्धवट जाण्यापेक्षा बरं. तिसऱ्या राऊंडपर्यंत मात्र ढकलू नका, तोपर्यंत वर्ग बराच भरलेला असतो.

वेटलिस्टवर आहे. नवा स्कोअर पाठवू का?

आधी कॉलेजचं वेटलिस्टचं पत्र नीट वाचा, काही कॉलेजं अपडेट घेतात, काही स्पष्ट नको म्हणतात. घेत असतील आणि तुमचा स्कोअर त्यांच्या मेडियनच्या खाली असेल तर वाढलेला स्कोअर ही पाठवण्यासारखी सगळ्यात ठोस गोष्ट आहे. मी वाचलेल्या अर्जांपैकी एक मुलगी अशीच वेटलिस्टवरून आत गेली, क्वांट वाढवून नवा स्कोअर पाठवला आणि सोबत चार ओळींचं पत्र, त्यात नवीन प्रोजेक्टबद्दल दोन वाक्यं. तिचा स्कोअर आधीच मेडियनच्या वर असता तर मी तिला परीक्षेला परत बसू दिलं नसतं, त्या वेळात कामातलं काहीतरी नवं घडवून तेच कळव असं सांगितलं असतं.